नदीच्या वाट्याचे पाणी एकदा मोजा

प्रति,
मा. आयुक्त,
भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा,
महाराष्ट्र शासन, पुणे

विषय : भूजलाच्या ताळेबंदातील नदीचा हिस्सा रेडॉनच्या साहाय्याने प्रत्यक्ष मोजण्याबाबत



भूजल मूल्यांकनाचा अहवाल आला की वर्तमानपत्रांत एवढीच बातमी येते : अमुक तालुका सुरक्षित, तमुक अतिशोषित. नव्या सिंचन विहिरी मिळणार की नाही, हे त्या शिक्क्यावर बरेचसे अवलंबून असते. म्हणून लोकांनी तेवढेच वाचले तर नवल नाही. मी आयुष्यभर महाविद्यालयात भूशास्त्र शिकवले. त्यामुळे शिक्क्यामागचा हिशेब उघडून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही, आणि दर वेळी मी त्यातल्या एकाच ओळीपाशी थांबते.

पावसाचे जे पाणी जमिनीत मुरते, त्यातून आपण ‘नैसर्गिक निचरा’ वजा करतो आणि उरलेले पाणी उपसण्याजोगे धरतो. हा निचरा म्हणजे मुख्यतः जमिनीतून पाझरत ओढ्या-नद्यांना जाऊन मिळणारे पाणी. म्हणजेच नदीचा वाटा. तो किती धरायचा, याबद्दल २०१५ च्या देशव्यापी मूल्यांकन पद्धतीत काय सांगितले आहे ते आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. प्रत्यक्ष माहिती असेल तर ती वापरायची. नसेल तर पाणीपातळीच्या चढउतारावरून पुनर्भरण काढले असल्यास ५ टक्के आणि पावसाच्या प्रमाणावरून काढले असल्यास १० टक्के वजा करायचे. ही तरतूद १९९७ च्या पद्धतीतून तशीच पुढे आली आहे. पावसाळा सरल्यावर नदीकडे जाणारे पाणी थोडेच असते, विशेषतः कठीण खडकाच्या प्रदेशात, असा समज तिच्या पाठीशी आहे.

महाराष्ट्राच्या सुमारे ८२ टक्के भूभागाखाली बेसॉल्ट आहे. तेव्हा हा समज थेट आपल्या राज्याबद्दलचा आहे आणि तो खरा की खोटा हे तपासण्याची पहिली जबाबदारीही आपलीच आहे. पाच टक्के की पंधरा, हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण जिथे उपसा ९० टक्क्यांच्या आसपास आहे तिथे एवढ्या फरकाने पाणलोटाचा शिक्का बदलतो. शिवाय नदीचा वाटा कमी धरला, तर ते पाणी ‘उपसण्याजोगे’ म्हणून शेतकऱ्याच्या नावावर चढते. तो ते उपसतो, रीतसर परवानगीने उपसतो, आणि खाली नदी फेब्रुवारीतच थांबते.

‘आमच्या लहानपणी नदी मेपर्यंत वाहायची’ हे वाक्य राज्यातल्या कोणत्याही गावात ऐकायला मिळते. का थांबली, हे विचारले की कुणी धरणाकडे बोट दाखवतो, कुणी विंधन विहिरींकडे, कुणी वाळूउपशाकडे, कुणी उसाकडे. मोजमाप नसले की सगळ्यांचेच म्हणणे सारख्या वजनाचे होते. मला वाटते, हे बदलता येईल. त्यासाठी लागणारी खूण निसर्गाने पाण्यातच घालून ठेवली आहे. तिच्याविषयी आपल्याशी बोलावे, म्हणून हे पत्र.

ती खूण म्हणजे रेडॉन. खडक कोणताही असो, त्यात अत्यल्प युरेनियम असतेच. युरेनियमचे किरणोत्साराने हळूहळू विघटन होते, त्या साखळीत पुढे रेडियम तयार होते आणि रेडियमपासून रेडॉन. रेडियम २२६ चे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे, त्यामुळे खडकातला हा पुरवठा माणसाच्या हिशेबाने अखंड चालू असतो. रेडॉन २२२ मात्र वायू आहे आणि त्याचे अर्धायुष्य केवळ ३.८ दिवस. तो कशाशीही संयोग पावत नाही, मातीच्या कणांना चिकटत नाही, शेतात टाकलेल्या खतातून किंवा गावाच्या सांडपाण्यातून दखल घ्यावी इतका येत नाही. खडकाच्या फटीत साचलेल्या पाण्यात तो विरघळत राहतो. पाणी जमिनीत शिरल्यापासून साधारण तीन आठवड्यांत त्याचे प्रमाण स्थिर होते. जितका नवा तयार होतो, तितकाच जुना नाहीसा होतो.

तेच पाणी पाझरून नदीत आले की हिशेब उलटतो. सोडावॉटरच्या बाटलीचे बूच काढल्यावर वायू निघून जातो, तसा उघड्या प्रवाहातून रेडॉन हवेत जाऊ लागतो, उरलेला ३.८ दिवसांनी निम्मा, आणखी ३.८ दिवसांनी त्याच्याही निम्मा होतो. खळाळत्या, उथळ पात्रात तर काही किलोमीटरांतच तो बहुतेक संपतो. म्हणून नदीच्या पाण्यात एखाद्या ठिकाणी रेडॉन चढा मिळाला, तर त्याचा अर्थ सरळ आहे : भूजल इथेच, किंवा थोडेसेच वर, नुकतेच नदीत आले आहे. पाण्यातल्या क्षारांवरून किंवा नायट्रेटवरून असे ठाम सांगता येत नाही, कारण ते एकदा आले की वाहत दूरपर्यंत जातात आणि वाटेत प्रत्येक गटार त्यात भर घालते.

बेसॉल्टात पाणी कसे बाहेर येते हे आपल्या भूवैज्ञानिकांना सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत, म्हणून लिहिते. ओढ्याच्या कापलेल्या काठाशी उभे राहिले की थर स्पष्ट दिसतात. वर मुरूम. त्याखाली सच्छिद्र, पांढऱ्या मण्यांनी भरलेला, कुदळीला दाद देणारा मांजऱ्या खडक. त्याच्या तळाशी कधी गेरूसारखा लाल मातकट पट्टा, आणि त्याखाली काळा पाषाण. पावसाळ्यानंतर तीनचार महिन्यांनी गेलात तरी लाल पट्ट्याच्या बरोबर वर काठाला ओल असते. हात लावला तर गार लागते. त्या ओलीच्या रेषेवर हंसराज उगवलेला असतो, आणि रेषा खाली येऊन पात्राला जिथे टेकते तिथे डोहाचे पाणी आटत नाही. वीस पावले पुढे पात्र कोरडे ठाक. नदी लांबवर सारखी पाझरत नाही. ती अशा मोजक्या जागी पिते, आणि काही जागी सांडते. सगळ्या पाणलोटाला मिळून एकच टक्केवारी लावली की या जागा कागदावरून पुसल्या जातात. पुढे नदी खोलीकरणाचे यंत्र नेमके त्यांवरूनच फिरते. तो लाल पट्टा फोडला तर वरच्या थरातले पाणी कुठे जाईल, हे खोदण्यापूर्वी कुणी विचारत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आता मोजणी. ती अवघड नाही, पण हातात शिस्त हवी. काचेची २५० मिलिलिटरची बाटली पाण्याच्या पृष्ठभागाखाली नेऊन, बुडबुडा न होऊ देता, सावकाश भरायची आणि पाण्याखालीच झाकण लावायचे. बाहेर काढून ती उलटी करायची. आत मोहरीएवढा जरी हवेचा फुगा दिसला, तरी पाणी ओतून पुन्हा भरायचे, कारण त्या फुग्यात रेडॉन निघून बसतो. मग बाटलीवर वेळ लिहायची, नुसती तारीख नव्हे, तास आणि मिनिटही. चोवीस तासांत नमुन्यातला सुमारे १७ टक्के रेडॉन नाहीसा होतो. वेळ नसेल तर दुरुस्ती करता येत नाही आणि नमुना वाया जातो. रेडॉन मोजणारे उपकरण बाटलीतून हवा खेळवते, विरघळलेला रेडॉन हवेत येतो, ती हवा ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या नळीतून कोरडी होऊन शोधकापर्यंत जाते, आणि रेडॉनच्या विघटनातून जन्मलेल्या पोलोनियमचे अल्फा कण एकेक करून मोजले जातात. अर्ध्या तासात एक आकडा हाती येतो, बेकरेल प्रति लिटरमध्ये. दर सेकंदाला एका अणूचे विघटन म्हणजे एक बेकरेल. नदीच्या पाण्यात रेडॉन कमी असल्याने मोठी बाटली आणि जास्त वेळ लागतो, इतकेच.

या आकड्यांवरून पाण्याचे प्रमाण कसे काढायचे? समजा, आसपासच्या झऱ्यांत आणि विहिरींत रेडॉन लिटरला १० बेकरेल आहे, नदीत वरच्या बाजूला जवळजवळ शून्य आहे आणि एका टप्प्याखाली तो १ झाला. मग त्या जागी वाहणाऱ्या पाण्याचा निदान दहावा हिस्सा त्या टप्प्यात जमिनीतून आलेला असला पाहिजे. निदान म्हणायचे कारण असे, की तेवढ्या अंतरात काही रेडॉन हवेत गेला असणार आणि थोड्याचे विघटन झाले असणार. प्रवाहाचा वेग, खोली आणि रुंदी मोजली की ही गळती हिशेबात धरता येते. नदीच्या काठाकाठाने दर एकदोन किलोमीटरवर एक नमुना घेत गेले की आलेख मिळतो, आणि त्यात नदी कुठे पिते त्या जागा उंचवट्यांसारख्या उठून दिसतात.

महाराष्ट्रात या पद्धतीला आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे. आपल्या जवळजवळ प्रत्येक नदीवर धरण आहे. उन्हाळ्यात पात्रात पाणी दिसले, तर ते धरणातून सोडलेल्या आवर्तनाचे आहे, कालव्याच्या गळतीचे आहे, वरच्या शहराच्या सांडपाण्याचे आहे की जमिनीच्या पोटातले आहे, हे प्रवाह मोजून कळत नाही. पूल तोच, पट्टी तीच, आकडा एकच. रेडॉनला मात्र हा फरक कळतो. जलाशयाच्या पृष्ठभागाजवळच्या पाण्यातला रेडॉन केव्हाच गेलेला असतो, सांडपाण्यातला नळातून गटारापर्यंत येता येता जातो. जे पाणी नुकतेच खडकाला स्पर्श करून आले, तेच ओळख देते. उसाला दिलेले पाणी जमिनीत मुरून पुन्हा नदीकडे आले तर तेही रेडॉन घेऊन येईल, हे खरे आहे. पण तोवर ते भूजलच झालेले असते आणि आपल्या हिशेबात ते तसेच धरायला हवे.

हे सगळे प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला डेली नावाची नदी आहे. तिथला प्रदेश आपल्यासारखाच मोसमी पावसाचा : काही महिने धो धो पाऊस आणि उरलेले महिने कोरडे. तरीही ही नदी कोरड्या हंगामात वाहत राहते. पीटर कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या पाण्यातला रेडॉन, क्लोरोफ्लुरोकार्बन आणि क्षार यांच्या नोंदींवरून नदीत भूजल कुठे आणि किती येते हे काढले. हे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. या नदीला जगवतो तो चुनखडीतला जलधर. याच नदीव्यवस्थेतल्या कॅथरीन भागात चुनखडीच्या जलधरातून पाणी वाटून देताना कोरड्या हंगामातल्या नदीच्या प्रवाहाचा विचार आधी होतो. आपल्याकडे पाण्याची मागणी कितीतरी अधिक आहे, लोकसंख्येची तर तुलनाच नको. तरी नदीचा वाटा आधी मोजावा आणि मग उरलेल्याची वाटणी करावी, हा क्रम आपल्याला परवडत नाही असे मला वाटत नाही.

गंगेच्या खोऱ्याचा धडा याहून जवळचा आहे. सिंचनासाठी वाढलेल्या उपशामुळे जमिनीतून गंगेला मिळणारे पाणी कमी होत गेले आणि उन्हाळ्यातली नदी त्यामुळे रोडावली असावी, असा निष्कर्ष खरगपूरच्या आयआयटीतील अभिजित मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडला. गंगेसारख्या नदीबद्दल हा प्रश्न विचारता येतो, तर कऱ्हा, येरळा आणि माणगंगेबद्दल का विचारू नये?

रेडॉन उलट दिशेनेही सांगतो, आणि ते गावांच्या आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. नदीचे पाणी काठात शिरून विहिरीकडे जाते, तेव्हा त्यात रेडॉन जवळजवळ नसतो. जमिनीत शिरल्यावर तो वाढू लागतो : ३.८ दिवसांनी स्थिर प्रमाणाच्या निम्म्यावर येतो, तीन आठवड्यांत पूर्ण होतो. काठावरच्या विहिरीत रेडॉन कमी सापडला तर त्यातले पाणी नदीतून काही दिवसांपूर्वीच आलेले आहे. स्वित्झर्लंडमधील ग्लाट नदीकाठी होएन आणि फॉन गुंटेन यांनी १९८९ मध्ये नेमके हेच वापरून पाणी किती दिवसांत विहिरीत पोहोचते ते काढले होते. आपल्याकडे कितीतरी गावांच्या पाणीयोजनांची विहीर नदीकाठी असते, नाहीतर पात्रातच बुडकी खणलेली असते. लोक समजतात, विहिरीचे पाणी म्हणजे जमिनीने गाळून दिलेले. नदीत वरच्या शहराची घाण वाहत असेल आणि तिचे पाणी दोनतीन दिवसांत विहिरीत येत असेल, तर ते गाळले गेले असे म्हणायला फारसा आधार नाही. अशा प्रत्येक विहिरीचा एक रेडॉन नमुना सरपंचाला आणि आरोग्य खात्याला उपयोगी पडेल.

या पद्धतीच्या मर्यादाही इथेच सांगते, कारण एखाद्या ठिकाणी आकडा चुकला म्हणून पद्धतच मोडीत काढली जावी असे मला वाटत नाही. बेसॉल्टात ग्रॅनाइटच्या तुलनेत युरेनियम बरेच कमी असते. त्यामुळे दख्खनच्या भूजलात रेडॉनची पातळी ग्रॅनाइटच्या मुलखाइतकी चढी मिळणार नाही आणि मोजणीला धीर लागेल. एका थरातून दुसऱ्या थरात गेले की आकडा बदलतो, म्हणून ‘भूजलाचा रेडॉन’ म्हणून सबंध जिल्ह्याला एकच किंमत वापरता येणार नाही. नदीच्या प्रत्येक टप्प्याजवळ वेगळा मोजावा लागेल. नदीचे पाणी पात्रातल्या वाळूत शिरून पुन्हा वर येते, तेव्हाही ते थोडा रेडॉन उचलते आणि नवे भूजल आल्याचा भास होतो. हा भाग वेगळा काढण्यासाठी क्षारता आणि तापमान सोबत मोजायला हवे. खरी मेख आपल्या निरीक्षण विहिरींत आहे. त्या बहुतेक उघड्या, रुंद तोंडाच्या. वर दिसणाऱ्या पाण्यातला रेडॉन हवेत गेलेला असतो. ते पाणी बाटलीत भरले तर भूजलात रेडॉन नाहीच, असा उफराटा निष्कर्ष निघेल. मोटार लावून उपसा करायचा, विहिरीच्या बाजूच्या झऱ्यातून ताजे पाणी येऊ द्यायचे, आणि मग त्या झऱ्याशी नमुना घ्यायचा. हे कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष विहिरीवर शिकवावे लागेल, परिपत्रकाने जमणार नाही. पावसाळ्यात तर पुराच्या पाण्यात सगळे विरळ होते, तेव्हा मोजणीचा काळ फेब्रुवारी ते मे.

किरणोत्सार म्हटले की लोक घाबरतात, हे मला माहीत आहे. जैतापूर, तारापूर ही नावे लगेच ओठावर येतात. पण या मोजणीत पाण्यात काहीही टाकायचे नाही. यापूर्वी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने गोदावरी-पूर्णा आणि कुकडी खोऱ्यांत पुनर्भरण काढण्यासाठी जमिनीत अत्यल्प ट्रिटियम सोडून त्याचा प्रवास मोजला होता. तो प्रयोगही सुरक्षित आणि उपयुक्त होता. रेडॉनसाठी तेवढेही करावे लागत नाही. रेडॉन खडक घडल्यापासून तिथेच आहे. केंब्रिजच्या नळाच्या पाण्यात जे. जे. थॉमसन यांना किरणोत्सारी वायू आढळला, तो विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पूर्वी लिटरला १०० बेकरेल ही लक्ष देण्याची पातळी सांगितली होती. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागांत ग्रॅनाइटसारखे प्राचीन खडक आहेत. तिथल्या विंधन विहिरींत रेडॉन किती, हे या निमित्ताने समजले तर लोकांच्या फायद्याचेच होईल. आकडे लपवले की भीती वाढते. म्हणून प्रत्येक नमुन्याचा आकडा, त्याचा अर्थ सांगणाऱ्या चार सोप्या ओळींसह, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.

कोकणाबद्दल थोडक्यात. तिथे रेडॉनसोबत रेडियमही कामाला येते. गोड्या पाण्यात रेडियम मातीच्या कणांना धरून राहते आणि खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की सुटून पाण्यात येते. त्यामुळे खाडीत आणि किनाऱ्यालगतच्या समुद्रात ते मोजले तर जमिनीखालून समुद्राकडे किती पाणी जाते याचा अंदाज येतो. विलर्ड मूर यांनी १९९६ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर रेडियम २२६ मोजून दाखवले, की तिथे जमिनीखालून समुद्रात जाणारे पाणी नद्यांतून येणाऱ्या पाण्याच्या सुमारे ४० टक्के भरते. त्यात जमिनीत शिरून परत फिरणारे खारे पाणीही होते. पुढच्याच वर्षी त्यांनी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी, नदीला पाणी कमी असतानाही, रेडियमचे मोठे प्रमाण नोंदवले. आपल्या जांभ्याच्या सड्यांवर पडणारा पाऊस एप्रिलपर्यंत कुठे नाहीसा होतो आणि गावे टँकरवर का येतात, याचे निदान अर्धे उत्तर किनाऱ्याच्या वाळूखाली असावे. हा विषय मोठा आहे. त्यासाठी वेगळा प्रकल्प हवा आणि तो आपल्या यंत्रणेने एकटीने करण्यासारखा नाही.

आता मागणी. ती लहान आहे, हे मुद्दाम सांगते.

सुरुवात कुकडीपासून करावी. या खोऱ्याची निवड मी भावनेने केलेली नाही, जरी निघोजचे रांजणखळगे विद्यार्थ्यांना दाखवताना माझी कितीतरी वर्षे आनंदात गेली आहेत. वर पाच धरणे आहेत, खाली आवर्तनावरून पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या जिल्ह्यांत दर उन्हाळ्यात ताण असतो, मधे ऊस आणि द्राक्षे आहेत, आणि ट्रिटियमच्या अभ्यासाचा जुना आधारही आहे. येडगाव धरणाच्या खालपासून घोड नदीच्या संगमापर्यंत पात्राने चालत दर दोन किलोमीटरवर नमुना घ्यावा. आवर्तन चालू असताना एकदा आणि बंद असताना एकदा. या दोन आलेखांतला फरकच फार काही सांगेल. त्याच आठवड्यात काठाजवळच्या निरीक्षण विहिरींतले ताजे पाणी मोजावे. जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत आपले कर्मचारी पातळी घ्यायला तिथे जातातच. त्यांच्या जीपमध्ये एक जास्तीची पेटी बसेल.

उपकरणाची किंमत काही लाखांच्या घरात आहे. एखाद्या बंधाऱ्याच्या दुरुस्तीला याहून जास्त लागतात. परदेशी उपकरणच हवे असेही नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘स्मार्ट आरएनडुओ’ हे सहज नेता येण्याजोगे रेडॉनमापक विकसित केले आहे, आणि पाण्याच्या अभ्यासात समस्थानिके वापरण्याचा त्यांचा अनुभव अनेक दशकांचा आहे. रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेतही या विषयाची प्रयोगशाळा आहे. नाशिकची आपलीच महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था प्रवाहमापनात मदत करू शकेल. माणसे आणि ज्ञान हाताशी आहेत. अडते ते एवढ्यावरच, की नदीतले पाणी जलसंपदा विभागाचे, विहिरीतले पाणीपुरवठा विभागाखालच्या आपल्या यंत्रणेचे, आणि ओढ्यावरचा बंधारा मृद व जलसंधारण विभागाचा. काठाच्या त्या ओलीच्या रेषेवर कुणाचेच नाव नाही. आपण पुढाकार घेऊन जलसंपदा सचिवांना पत्र लिहिले आणि आवर्तनाच्या तारखा व विसर्गाचे आकडे मागवले, तरी निम्मे काम होईल.

दुसरी नदी निवडायची झाली तर मी तापी सुचवेन, रावेर-यावलच्या गाळाच्या पट्ट्यात. केळीखालच्या त्या प्रदेशात उपसा इतका खोल गेला आहे, की तापी तिथे जमिनीकडून पाणी घेते की जमिनीला देते, हा प्रश्न आज उघडा ठेवणे बरे नाही. गाळात पाण्याची वाट बेसॉल्टाइतकी तुटक नसल्याने मोजणीही तिथे सोपी जाईल.

हे आकडे हाती आले, की त्या पाणलोटांच्या पुढच्या मूल्यांकनात ५ किंवा १० टक्क्यांच्या जागी मोजलेला निचरा घालावा. २०१५ च्या पद्धतीत त्याला मुभा आहेच. नवा नियम करायची गरज नाही. शिक्का बदलला तर बदलू द्यावा. काही ठिकाणी तो शेतकऱ्यांच्या बाजूने बदलेल, काही ठिकाणी विरुद्ध. विरुद्ध बदलला तर आरडाओरड होईल, आणि तेव्हा आपल्या भूवैज्ञानिकाच्या हातात सांगण्यासारखे काहीतरी ठोस असेल : या टप्प्यात, या तारखेला, एवढे पाणी जमिनीतून नदीत येत होते. नदी खोलीकरणाच्या प्रस्तावांनाही अशा नोंदीची अट घालावी. आधी मोजणी, मग खोदाई, आणि दोन उन्हाळ्यांनी त्याच जागी पुन्हा मोजणी.

नमुने घ्यायला मनुष्यबळ कमी पडत असेल, तर पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर परिसरातल्या महाविद्यालयांतले भूशास्त्राचे विद्यार्थी येतील. त्यांना अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी खरा विषय मिळेल. बाटली पाण्याखाली कशी भरायची, बुडबुडा कसा ओळखायचा आणि उघड्या विहिरीत झऱ्याचे तोंड कसे शोधायचे, हे शिकवायला मी स्वतः येईन. मानधनाची अपेक्षा नाही. येत्या जानेवारीच्या पातळीमापनाआधी आपल्या कार्यालयात एक बैठक ठेवावी, तिला जलसंपदा विभागाचे कुकडी प्रकल्पाचे अभियंते हजर असावेत, आणि पहिला नमुना फेब्रुवारीत आवर्तन बंद असताना घेतला जावा, एवढी विनंती करते.

कळावे,
आपली विश्वासू,
भूशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका